एका पंख्याची गोष्ट

(मिशन रविवारी उपासनेनंतर मंडळीच्या सभागृहात केलेले भाषण. छापण्यासाठी थोडे आटोपशीर केले आहे.)



दर वर्षी मिशन रविवारी मी तुमच्यासमोर उभी राहते आणि सातपुड्यातल्या आमच्या कामाचा अहवाल वाचते. यंदाचा अहवाल छापून तुमच्या खुर्च्यांवर ठेवला आहे. तो कृपया घरी नेऊन वाचा, कारण त्यातला पैसा तुमचा आहे. आज मी तो वाचणार नाही. आज मला एका वायूविषयी बोलायचे आहे, आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी. या दोन्हींचा संबंध काय, असे तुम्हांला वाटेल. थोडा धीर धरा, तो पुढे येईल.

सुरुवात याच सभागृहात झाली. गेल्या वर्षी चहाच्या वेळी आपल्या मंडळीतल्या एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “ताई, माझ्या मुलासाठी प्रार्थना करा. न्यू जर्सीत त्यानं घर बघितलंय. सगळं ठरलं, आणि आता म्हणतात तळघरात रेडॉन निघाला. त्यानं फुफ्फुसाचा कॅन्सर होतो म्हणे. असलं घर घ्यावं का हो?”

मी प्रार्थना केली. पण रेडॉन म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते. मी ईश्वरविज्ञानाची पदविका घेतलेली बाई. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला संपला. “वाचून सांगते,” असे म्हणाले आणि वाचू लागले. जे समजले ते साध्या शब्दांत सांगते.

जमिनीत, खडकात, मातीत जवळजवळ सगळीकडे अगदी थोडे युरेनियम असते. ते फार सावकाश मोडत जाते. त्यातून पुढे रेडियम तयार होते, आणि रेडियम मोडले की रेडॉन. युरेनियम आणि रेडियम घन पदार्थ आहेत, ते आपल्या जागी राहतात. रेडॉन वायू आहे, म्हणून तो मातीच्या फटींतून वर येतो. उघड्यावर आला तर वाऱ्यात विरून जातो. पण वर घर असेल तर जोत्याच्या भेगांतून, पाइपांच्या भोकांभोवतीच्या फटींतून तो घरात शिरतो. थंड देशांत लोक घर उबदार ठेवण्यासाठी दारे-खिडक्या बंद ठेवतात. उबदार हवा वर चढते आणि तिच्या जागी जमिनीतली हवा घरात ओढली जाते. म्हणून हिवाळ्यात आणि तळघरात रेडॉन जास्त साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. माणूस वीस वर्षे तो हुंगत राहील आणि त्याला एकदाही कळणार नाही.

रेडॉन स्वतः फार टिकत नाही. सुमारे चार दिवसांत त्यातला निम्मा मोडून जातो. खरा धोका मोडल्यावर सुरू होतो. त्यातून पोलोनियमसारखे घन कण तयार होतात, ते हवेतल्या धुळीला चिकटतात आणि श्वासाबरोबर फुफ्फुसात जाऊन बसतात. तिथे ते अल्फा किरण सोडतात. हे किरण साध्या कागदानेही अडतात. आपल्या कातडीतून ते आत जाऊ शकत नाहीत. पण फुफ्फुसाच्या आतल्या नाजूक अस्तरावर कातडी नसते. तिथल्या पेशींना इजा होत राहते आणि कित्येक वर्षांनी त्यातून कर्करोग होऊ शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ साली रेडॉनला माणसांत कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले. देशोदेशी फुफ्फुसाच्या कर्करोगाचे जे रुग्ण आढळतात, त्यांतले ३ ते १४ टक्के रेडॉनमुळे असावेत, असा या संघटनेचा अंदाज आहे. अमेरिकेत दर वर्षी सुमारे २१,००० मृत्यू रेडॉनमुळे होतात, असे तिथली पर्यावरण संस्था सांगते. त्यांतल्या सुमारे २,९०० जणांनी आयुष्यात कधी धूम्रपान केलेले नसते. उरलेल्यांबाबत धूर आणि रेडॉन हातात हात घालून काम करतात. कधीच धूम्रपान न करणाऱ्याच्या तुलनेत धूम्रपान करणाऱ्याला रेडॉनचा धोका सुमारे २५ पट असतो. ज्या बंधूंच्या खिशात आत्ता बिडीचे बंडल असेल, त्यांनी हे वाक्य घरी घेऊन जावे.

घरातल्या रेडॉनकडे अमेरिकेचे लक्ष गेले ते एका माणसामुळे. पेनसिल्व्हेनिया राज्यात लिमरिक येथे अणुवीज प्रकल्प उभा राहत होता. स्टॅन्ली वॉट्रस नावाचे अभियंता तिथे कामाला होते. १९८४ च्या डिसेंबरात प्रकल्पातले किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र त्यांना पाहून वाजू लागले. सर्वांना वाटले, प्रकल्पात काही गळती असेल. पण प्रकल्प अजून सुरूच झाला नव्हता. शेवटी कळले की ते किरणोत्सर्ग घरून घेऊन येत होते. त्यांच्या घरातला रेडॉन मोजला, तर आज जी मर्यादा मानतात तिच्या सहाशेपटींहून जास्त निघाला. त्या घरात ते बायको-मुलांसह राहत होते.

घर रिकामे केले, दुरुस्त केले, आणि पुढे ते कुटुंब त्याच घरात परत राहायला गेले. १९८८ साली अमेरिकी सरकारने लोकांना घरातला रेडॉन तपासून घ्यायला सांगितले. आज तिथे तपासणीची लहानशी डबी दुकानात मिळते. दारे-खिडक्या बंद ठेवून ती काही दिवस घरात ठेवायची आणि प्रयोगशाळेकडे पाठवायची. आकडा जास्त आला तर उपाय ठरलेला आहे. घराच्या फरशीखाली पाइप घालतात, त्याला एक छोटा पंखा लावतात, आणि जमिनीतली हवा घरात शिरण्याआधीच ओढून छपरावरून बाहेर सोडतात. इतकेच. एक पाइप आणि एक पंखा.

हे वाचताना मला लेवीय पुस्तकाचा चौदावा अध्याय आठवला. आपण तो सहसा भरभर वाचून पुढे जातो. घराच्या भिंतीला चट्टे पडले तर काय करायचे, ते तिथे सांगितले आहे. घरधन्याने याजकाला कळवायचे. याजकाने पाहायचे, सात दिवस घर बंद ठेवायचे आणि पुन्हा येऊन पाहायचे. चट्टा पसरला असेल तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकायचे, नवे दगड बसवायचे, नवा गिलावा करायचा. पदविकेच्या वर्गात या अध्यायाचे मला हसू यायचे. याजक हा काय गवंडी आहे? आता तसे वाटत नाही. माणूस ज्या घरात श्वास घेतो ते घर नीट आहे की नाही, हे पाहणे त्या लोकांनी याजकाच्या कामात धरले होते. आणि घरधन्यापासून काही लपवलेले नव्हते, हेही लक्षात घ्या.

मग मी त्या बाईंना फोन केला. “मुलाला सांगा, घाबरू नको. आकडा बघ, पाइप बसवून घे, बसवल्यावर पुन्हा तपास.” विकणाऱ्याने खर्च करून पंखा बसवून दिला. दुसऱ्या तपासणीत आकडा मर्यादेच्या पुष्कळ खाली आला. घर झाले. नाताळात त्यांच्याकडून केकचा डबा आला.

मी इथेच थांबले असते. पण वाचताना एक प्रश्न मनात आला होता. रेडॉनने फुफ्फुसाचा कर्करोग होतो, हे माणसाला कळले कसे? कोणाच्या फुफ्फुसांवरून?

उत्तर असे आहे की ते खाणकामगारांच्या फुफ्फुसांवरून कळले. जर्मनीत सॅक्सनी प्रांतात श्नेबर्ग नावाचे गाव आहे. तिथल्या खाणींत उतरणारे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या छातीच्या दुखण्याने अकाली मरत. लोक त्याला डोंगराचा आजार म्हणत. १८७९ साली हार्टिंग आणि हेस्से या दोन डॉक्टरांनी दाखवून दिले की हा आजार म्हणजे फुफ्फुसातली घातक गाठ आहे. पुढे तिथल्या हवेत रेडॉन सापडला. म्हणजे दुसरे महायुद्ध सुरू होण्याआधीच हे पुस्तकांत लिहिलेले होते.

आणि मग मी नव्हाहो लोकांपर्यंत आले. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत मिळून त्यांचा मुलूख आहे. ते स्वतःला दिने म्हणवतात. मेंढ्या पाळणारे, मका लावणारे, आपली भाषा जपणारे लोक. त्यांच्या डोंगरांत युरेनियम सापडले. १९४४ पासून १९८६ पर्यंत तिथून जवळजवळ तीन कोटी टन खनिज काढले गेले. पहिली पंचवीस-एक वर्षे ते विकत घेणारे एकच गिऱ्हाईक होते, अमेरिकेचे सरकार. त्याला बाँबसाठी ते हवे होते.

नव्हाहो पुरुषांना घराजवळ मजुरी मिळाली. ते खूश होते. खाणी पुष्कळदा लहान, अरुंद बिळांसारख्या होत्या. सुरुंग उडाला की धूळ खाली बसायच्या आत त्यांना आत पाठवत. आतच ते भाकरी खात. खडकातून ठिबकणारे पाणी पीत. संध्याकाळी पिवळ्या धुळीने माखलेले कपडे घरी नेत, आणि घरच्या बायका ते इतर कपड्यांबरोबर धूत. खाणीतून निघालेले दगड हाताशी होते, चांगले चौकोनी होते, म्हणून काहींनी त्या दगडांची घरे बांधली.

१९५० साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने या भागातल्या युरेनियम कामगारांचा अभ्यास सुरू केला. डॉक्टर येत, रक्त तपासत, छातीचे फोटो काढत, नोंदी ठेवत. याच सेवेत डंकन हॉलडे नावाचे अधिकारी होते. त्यांनी खाणींतली हवा मोजली. रेडॉन भयंकर होता. त्यांनी वरिष्ठांना आणि खाणी चालवणाऱ्यांना पुन्हा पुन्हा कळवले की युरोपात जे घडले तेच इथे घडणार आहे, आणि ते टाळता येते. उपाय काय होता, माहीत आहे? पंखा. खाणीत ताजी हवा खेळवा, रेडॉन बाहेर काढा.

बहुतेक खाणींत तो पंखा कित्येक वर्षे बसला नाही. आणि कामगारांना कोणी काही सांगितले नाही. तपासणारे डॉक्टर सांगत नव्हते. खाणमालकांनी आत येऊ द्यावे म्हणून, कामगार घाबरतील असे काही बोलायचे नाही, हे आधीच कबूल केलेले होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अभ्यासाचे आकडे छापून आले. तरीही खाणीतल्या रेडॉनवर देशभर लागू होणारी मर्यादा यायला त्या दशकाची अखेर उजाडली.

तोवर माणसे मरू लागली होती. त्या अभ्यासातल्या नव्हाहो कामगारांच्या मृत्यूंचा हिशोब १९९५ साली प्रसिद्ध झाला. फुफ्फुसाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू अपेक्षेच्या तिपटीहून जास्त होते. दुसरा एक आकडा माझ्या मनातून जात नाही. १९६९ ते १९९३ या काळात नव्हाहो पुरुषांमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाचे ९४ रुग्ण नोंदले गेले. त्यांतले ६३ जण युरेनियमच्या खाणीत काम केलेले होते. नव्हाहो लोकांत सिगारेट ओढण्याचे प्रमाण फार कमी, त्यामुळे हा आजार त्यांच्यात एरवी क्वचितच आढळे. शंभरात सदुसष्ट जणांच्या आजाराचे मूळ जणू एकाच दारातून बाहेर आले होते.

आता माझ्या मनात दोन चित्रे शेजारी शेजारी आहेत. एक न्यू जर्सीतल्या तळघराचे. तिथे घराची किल्ली हातात पडण्याआधी तपासणीचा आकडा हातात पडतो. दुसरे ॲरिझोनातल्या खाणीचे. तिथे आकडा डॉक्टरच्या वहीत आहे, आणि ज्याची छाती तपासली तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आत उतरतो आहे. दोन्ही ठिकाणी वायू तोच आहे. उपायही तोच, एक पंखा. आणि न्यू जर्सीतल्या त्या मुलाला जी माहिती मिळाली, ती अशा कामगारांच्या मरणातून गोळा झालेली आहे. आपल्या मंडळीतले एक कुटुंब त्या माहितीमुळे आज सुरक्षित आहे. म्हणून मला वाटले, ही माणसे कोण होती हे आपल्याला माहीत असायला हवे.

नव्हाहो भाषेत किरणोत्सर्गाला शब्द नव्हता. युरेनियमला त्यांनी पुढे नाव दिले, लीत्सो. म्हणजे पिवळी माती. त्यांच्यातले जाणते लोक सांगतात की राक्षसाला हरवायचे तर आधी त्याचे नाव घ्यावे लागते. नाव ठाऊक नसले तर तो घरात येऊन बसला तरी कळत नाही.

ते नाव घेण्याचे काम विधवांनी केले. कोव्ह, रेड व्हॅली, शिपरॉक या भागांतल्या बायका एकमेकींना भेटू लागल्या. तुझा नवरा कुठे होता? माझाही तिथेच होता. तुझा कशाने गेला? माझाही त्यानेच. अशा बोलण्यातून यादी तयार झाली. स्टुअर्ट उडॉल हे एकेकाळचे केंद्रीय मंत्री त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. १९८४ साली न्यायालयाने सांगितले की कायद्यानुसार सरकारवर असा दावा चालत नाही. तरी त्या थांबल्या नाहीत. १९९० च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या संसदेने भरपाईचा कायदा केला, त्यात देशाच्या वतीने माफी मागितली, आणि आजारी कामगाराला किंवा त्याच्या वारसाला एक लाख डॉलर देऊ केले. मग कचेरीने विधवांकडे लग्नाचा दाखला मागितला. लग्ने रीतीप्रमाणे गावात लागलेली. दाखला कुठला? आमच्या भागातल्या कोणालाही हे ऐकून नवल वाटणार नाही. पुढे २००० साली त्या कायद्यात सुधारणा झाली.

त्या मुलखात पाचशेहून जास्त सोडून दिलेल्या युरेनियम खाणी आहेत. त्यांची सफाई अजून चालू आहे. खाणीच्या दगडांची घरे यंत्राने तपासली गेली. काही घरे पाडून, त्यांची माती उचलून नेऊन, तिथे नवी बांधून दिली. लेवीयातल्या त्या अध्यायाप्रमाणेच, पण पन्नास वर्षे उशिरा. २००५ साली नव्हाहो राष्ट्राने आपल्या भूमीवर युरेनियम काढायला स्वतःच बंदी घातली.

आपल्या देशातही आदिवासी भागात युरेनियमची खाण आहे. झारखंडात जादूगोडा येथे १९६७ पासून युरेनियम निघते. तिथला प्रश्न वेगळा आणि मोठा आहे, आज मी त्यात शिरत नाही. मला माझ्या कामाच्या गावात परत यायचे आहे, कारण चूक तिथे झाली.

आमच्या पाड्यावरचा एक तरुण होता. नाव सांगत नाही. शेजारच्या राज्यात दगड दळण्याच्या कारखान्यात तो दोन हंगाम कामाला गेला होता. परत आला तेव्हा चढ चढताना त्याला दम लागायचा. कोरडा खोकला, वजन उतरलेले. छातीच्या फोटोत डाग दिसले. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी टीबी समजून औषध सुरू झाले. आमच्याकडे टीबी इतका आहे की प्रत्येक खोकला टीबीच वाटतो. मी स्वतः त्याला गोळ्या नेऊन देत असे. त्याला बरे वाटेना, म्हणून तो गोळ्या टाळू लागला. तेव्हा मी त्याच्या बायकोसमोर त्याला रागावले. “तू गोळ्या घेत नाहीस म्हणून तू बरा होत नाहीस,” असे म्हणाले. तो काही बोलला नाही. दुसऱ्यांदा औषधाचा कोर्स झाला. तो सत्ताविसाव्या वर्षी गेला.

त्याच्या कार्यानंतर त्याची बायको मला म्हणाली, “ताई, त्याच्याबरोबर गेलेला दुसरा पण तसाच खोकतो.” तेव्हा मी पहिल्यांदा विचारले, “ते दोघे कुठे कामाला होते? तिथे काय करत?” ती म्हणाली, “दगडाचे पीठ करत. घरी यायचा तेव्हा पापण्यासुद्धा पांढऱ्या असायच्या.”

गारगोटीच्या दगडाची ती पूड फुफ्फुसात साचते आणि फुफ्फुस दगडासारखे घट्ट होते. त्याला सिलिकोसिस म्हणतात. फोटोत तो टीबीसारखा दिसतो. तो बरा होत नाही. त्यामुळे टीबीही लवकर जडतो, आणि ती धूळ फुफ्फुसाच्या कर्करोगालाही कारण होते. मी वेळेवर विचारले असते तर तो वाचला असता, असे मी म्हणत नाही. पण तो कामावर असताना कळले असते, तर त्याला आणि बाकीच्यांना लवकर परत बोलावता आले असते. आणि एका मरणाऱ्या माणसाला मी आळशी ठरवले नसते.

बंधूंनो, भगिनींनो, नव्हाहो लोकांना तपासणारे डॉक्टर आकडा जाणत होते आणि बोलले नाहीत. मी काही जाणत नव्हते, आणि विचारलेही नाही. दोन्हींत फरक आहे. पण पाड्यावरच्या त्या बाईला तो फरक किती जाणवला असेल, मला माहीत नाही.

आता तुमच्या मनातला प्रश्न. आपल्या घरांत रेडॉन आहे का? थोडा सगळीकडेच असतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की घरातल्या एक घनमीटर हवेत तो शंभर बेकरेलच्या आत असावा, आणि ते जमत नसेल तर निदान तीनशेच्या वर जाऊ नये. शंभर बेकरेल म्हणजे तेवढ्या हवेत दर सेकंदाला शंभर अणू मोडतात. वारा खेळणाऱ्या घरात तो साठत नाही. सातपुड्यातल्या कुडाच्या झोपडीत तर वारा चारही बाजूंनी येतो. तुम्ही दारे-खिडक्या उघड्या ठेवा, जोत्याच्या भेगा बुजवा, तळमजल्यावर दिवसरात्र बंद खोलीत झोपत असाल तर हवा खेळू द्या. ज्यांची मुले अमेरिका, कॅनडा, इंग्लंडमध्ये आहेत, त्यांनी आज रात्रीच फोनवर विचारा, “घराची रेडॉन तपासणी केलीस का?” एवढ्या प्रश्नाने काम होते.

आमच्या पाड्यांवर छातीचे शत्रू वेगळे आहेत. चुलीचा धूर, बिडी आणि परगावच्या कारखान्यांतली धूळ. तिथे आम्ही तीन गोष्टी सुरू केल्या आहेत.

पहिली. आरोग्याच्या वहीत आता दोन प्रश्न छापले आहेत. तुम्ही कुठे कुठे कामाला गेला होता, आणि तिथल्या हवेत काय होते? खोकला घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला हे विचारल्याशिवाय पुढचे पान उघडायचे नाही.

दुसरी. कामाला बाहेर जाण्याआधी गावात नोंद होते. कोण, कुठे, कोणाबरोबर आणि कसल्या कामाला. दळण्याचे, फोडण्याचे काम असेल तर आमची कार्यकर्ती तिथेच बसून त्या धुळीविषयी सांगते. ती पावरीत सांगते, मराठीत नाही. सिलिकोसिसला पावरीत शब्द नव्हता. गावातल्या बायकांनीच बसून एक ठरवला. त्या मला म्हणाल्या, “ताई, तुमचा शब्द आमच्या तोंडात बसत नाही.” खरेच होते. पंधरा वर्षे मी त्यांना माझ्या भाषेत आरोग्य शिकवत होते.

तिसरी. तो दुसरा तरुण जिवंत आहे. त्याचे फोटो अशा आजारांची माहिती असलेल्या डॉक्टरांना दाखवले. आता त्याच्या कागदावर टीबी लिहिलेले नाही, खरे नाव लिहिलेले आहे. त्याबरोबर भरपाईचा अर्ज करता आला. अर्जाचे काय होईल ते पाहायचे आहे. कारखाना म्हणतो, हा माणूस आमच्या हजेरीवर नव्हताच. त्याच्याबरोबर गेलेल्या बाकी चौघांचीही तपासणी झाली आहे. दोघांच्या छातीत सुरुवात दिसते. ते आता त्या कामाला जात नाहीत. पण घरी त्यांना पोटापुरते काम नाही, हेही मी तुमच्यापासून लपवत नाही.

तुमच्याकडे मागणे थोडे आहे. छातीच्या फोटोसाठी तालुक्याच्या गावी जायचे तर रुग्णाचा आणि बरोबरच्या माणसाचा दिवस बुडतो आणि गाडीभाडे लागते. अहवालाच्या शेवटच्या पानावर त्याचा खर्च लिहिला आहे. मंडळीत निवृत्त डॉक्टर असतील, फोटो वाचू शकणारे असतील, तर त्यांनी महिन्यातून एक शनिवार द्यावा. वकील असतील त्यांनी भरपाईचे अर्ज पाहावेत. आणि ज्यांना यातले काही जमत नाही, त्यांनी आपल्या घरी, आपल्या इमारतीत काम करणाऱ्या माणसाला खोकला असेल तर त्याला विचारावे, तू कुठे काम करत होतास? फरशी कापणारा, रंग घासणारा, दगड फोडणारा. तो रोज तुमच्या जिन्यावरून जातो.

प्रार्थनेसाठी दोन नावे पाळकसाहेबांकडे दिली आहेत. एक त्या जिवंत तरुणाचे. दुसरे, जो गेला त्याच्या बायकोचे. आमच्या नोंदीच्या वहीत आता तीच लिहिते. प्रश्न वाचते आणि उत्तर मिळेपर्यंत थांबते. मी तिच्याकडून शिकते आहे.

देव आपणां सर्वांना आशीर्वाद देवो. सलाम.